टसरचे पाच बँड: मुंबई आणि आरमोरी

जेलचा, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करून पट्ट्यांसारखे (बँड) दाखवणाऱ्या थराचा, फोटो मोह पाडणारा होता. डावीकडे मुंबईचे टसर रेशमाचे पतंग, म्हणजे येऊर, आरे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेकडेने मिळालेले. उजवीकडे गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीचे. बहुतेक बँड दोन्हीकडे सारखे, काही इथे-तिथे तुरळक. पण पाच बँड असे की आरमोरीच्या प्रत्येक पतंगात ठळक आणि मुंबईच्या एकाही पतंगात नाहीत. दक्षिण मुंबईतल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी हे काम चाललं होतं. विद्यार्थिनीने मसुद्यात लिहूनही टाकलं होतं, की ट्रान्सपोझॉनच्या, म्हणजे डीएनएतल्या जागा बदलणाऱ्या तुकड्यांच्या, जागांवरून पश्चिम आणि पूर्व महाराष्ट्रातले टसर पतंग वेगळे ओळखता येतात.

मी त्या विभागात शिकवायला जातो, म्हणून मसुदा माझ्याकडे वाचायला आला. पुढे जे झालं ते लिहून ठेवावंसं वाटलं, कारण असा फरक अनेक प्रबंधांत दिसतो आणि त्यातले बरेच तसेच छापले जातात.

आधी प्राण्याबद्दल. टसरचा पतंग म्हणजे अँथेरिया मायलिटा. हाताच्या पंज्याएवढा, चारही पंखांवर काचेसारखा आरपार दिसणारा एकेक डोळा. प्रौढ पतंगाला तोंड जवळपास नसतंच. अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो आठवडाभर जगतो, जोडी लावतो, मादी अंडी घालते आणि संपतं. अळी ऐन, अर्जुन, बोर अशा झाडांवर वाढते. कोष कठीण, अंड्याच्या आकाराचा, आणि फांदीला कड्याने अडकवलेल्या देठावर लोंबणारा. हा कोष किती चिवट असतो याचा एक जुना दाखला आहे. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात दख्खनच्या या किड्यावर लेख लिहिला. कोषाच्या वाद्या कापून मराठे तोड्याच्या बंदुकीची नळी दस्त्याला बांधतात, असं त्याने त्यात नोंदवलं आहे.

भारतात टसरचे चाळीसहून अधिक स्थानिक वाण सांगितले जातात: डाबा, सरिहान, रैली, मोदल, सुकिंदा, लारिया, आणि आपल्याकडचा भंडारा. कोषाचा आकार, रंग, वर्षातल्या पिढ्या, आवडतं झाड यांवरून ही नावं पडली. त्यातली किती खरोखर जनुकीय पातळीवर वेगळी आणि किती नुसती झाडाची आणि हवामानाची करामत, हा प्रश्न संशोधकांना जुनाच आहे. मुंबईचा टसर मात्र या यादीत कुठेच नाही, कारण इथे त्याचं रेशीम कुणी काढत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत ढिवर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडतात. इकडे येऊरला तोच पतंग पहिल्या पावसानंतर दिव्यावर येतो आणि लोक मोबाइलवर त्याचा फोटो काढतात. तेव्हा विद्यार्थिनीचा प्रश्न रास्त होता: सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटरवरचे हे दोन समूह आतून किती वेगळे आहेत?

मापन म्हणून तिने ट्रान्सपोझॉन निवडले. हे डीएनएचे असे तुकडे की जे जीनोममध्ये, म्हणजे जिवाच्या सगळ्या डीएनएमध्ये, जागा बदलतात किंवा स्वतःची प्रत काढून ती दुसरीकडे चिकटवतात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात मक्यात ते ओळखले. नोबेल मिळायला १९८३ उजाडलं. तुतीच्या रेशीमकिड्याचा, बॉम्बिक्स मोरीचा, जीनोम सुमारे ४६ कोटी अक्षरांचा आहे आणि त्यातला जवळपास निम्मा भाग असल्या तुकड्यांचाच. विद्यार्थिनीने त्यातला मॅरिनर गट घेतला. साधारण १,३०० अक्षरांचा हा तुकडा स्वतःला कापून घेतो आणि दुसरीकडे, जिथे टी-ए अशी दोन अक्षरं असतील तिथे, जाऊन बसतो. तो पहिल्यांदा १९८६ मध्ये मॉरिशसच्या फळमाशीत सापडला. फळमाशीबाहेर तो पहिल्यांदा दिसला तो १९९१ मध्ये, अमेरिकेतल्या सिक्रोपिया पतंगात, म्हणजे टसरच्याच कुळातल्या भाऊबंदात. हैदराबादला जे. नागराजू यांच्या गटाने २००२ मध्ये पाळीव आणि रानटी रेशीम-पतंगांतल्या मॅरिनरची वंशावळ मांडली. त्यामुळे प्रायमर, म्हणजे डीएनएचा हवा भाग नेमका शोधणारे आखूड तुकडे, कुठून बनवायचे हा प्रश्न फारसा नव्हता.

भौगोलिक फरक शोधायला हे तुकडे चांगले, याला कारण आहे. एका जागी मॅरिनर बसलेला दोन पतंगांत दिसला, तर दोघांचा तिथला पूर्वज एकच असण्याची शक्यता फार मोठी, कारण कोट्यवधी जागांपैकी नेमक्या त्याच जागी दोनदा स्वतंत्रपणे बसणं दुर्मीळ. शिवाय रिकामी जागा ही आधीची अवस्था आणि भरलेली नंतरची, हेही बहुतेकदा ठरवता येतं. चीन, कोरिया आणि जपानमधल्या रानटी तुती-पतंगांच्या, बॉम्बिक्स मँडारिनाच्या, मॅरिनर-सदृश तुकड्यांची अशी तुलना झालेली आहे. तिथे भूगोल गुणसूत्रांच्या संख्येतही उतरलेला आहे. चीनमधल्या पतंगात गुणसूत्रांच्या २८ जोड्या, जपानमधल्यात २७. मध्ये समुद्र आहे. मुंबई आणि आरमोरीच्या मध्ये काय आहे? कापूस, ज्वारी, सह्याद्री आणि झाडं नसलेला मोठा पट्टा. अडथळा आहे, पण समुद्राएवढा नाही.

पद्धत थोडक्यात अशी. डीएनए एका एन्झाइमने कापायचा, तुकड्यांच्या टोकांना डीएनएचाच ओळखीचा छोटा तुकडा, म्हणजे अ‍ॅडाप्टर जोडायचा आणि मॅरिनरचं टोक ते अ‍ॅडाप्टर एवढाच भाग पीसीआरने, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढून, वाढवायचा. मॅरिनर जिथे जिथे बसला असेल तिथून वेगवेगळ्या लांबीचा तुकडा मिळतो. म्हणजे एक बँड, एक जागा. पतंग मारावा लागत नाही, मधल्या पायांपैकी एक पुरतो. वनखात्याची परवानगीही तेवढ्याचीच होती: एक पाय घ्यायचा, फोटो काढायचा, पतंग सोडून द्यायचा.

गाइड मॅडमना पहिला संशय आला तो डीएनएच्या दर्जाचा. मुंबईतले नमुने भर पावसाळ्यातले. स्पिरिटमध्ये पाय टाकेपर्यंत दमट हवेत वेळ गेला असेल, तर डीएनए तुटतो आणि लांब तुकडे वाढत नाहीत. बँड नसणं हा मग प्रयोगशाळेचा दोष ठरतो, त्याचा भूगोलाशी संबंध राहत नाही. शंका योग्यच होती, पण टिकली नाही. गायब असलेल्या पाच बँडपैकी दोन जेलच्या अगदी तळाशी होते, म्हणजे आखूड तुकडे, आणि तुटका डीएनए आखूड तुकड्यांना फारसा धक्का लावत नाही. पुन्हा डीएनए काढून पाहिला, चित्र तेच आलं. आरमोरीच्या पतंगांत एखादा परजीवी असेल आणि हे बँड त्याचे असतील, असंही कुणीतरी सुचवलं. पण ज्या अंडीपुंज केंद्रातून, म्हणजे टसरची रोगमुक्त अंडी बनवतात तिथून, नमुने आले होते तिथे पेब्रिन या परजीवीच्या रोगासाठी प्रत्येक पतंग तपासलेला होता.

मला खटकत होतं ते वेगळंच. एकाच जातीच्या दोन समूहांमध्ये फरक असतो तो साधारणपणे प्रमाणात. एखादी जागा इथे दहातल्या सात पतंगांत भरलेली, तिथे दहातल्या तिघांत. ‘सगळ्यांत आहे’ आणि ‘एकातही नाही’ असा फरक पडायला खूप काळ आणि जवळजवळ बंद झालेली देवाणघेवाण लागते. टसरचा नर मादीच्या वासावर लांबवर उडत जातो, त्यामुळे शेजारशेजारच्या जंगलांत मिसळण चालूच राहते. एखाद-दुसरी जागा अशी निघू शकते. पाच निघाल्या म्हणजे जरा जास्तच नेटकं झालं.

पण फोटोतली खरी गोम अजून वेगळीच होती. आरमोरीत आहेत आणि मुंबईत नाहीत असे पाच बँड. मुंबईत आहेत आणि आरमोरीत नाहीत असे? एकही नाही. दोन समूह खरोखर वेगळे झाले असते तर दोघांनीही आपापल्या वाटेने नव्या जागा जमवल्या असत्या, म्हणजे फरक दोन्ही दिशांनी दिसला असता. इथे मात्र आरमोरीच्या पतंगाकडे मुंबईच्या पतंगाचं सगळं होतं आणि वर थोडं जास्त होतं. दोन प्रकारच्या पतंगांत असं नातं कुठे असतं? नर आणि मादीत. माणसात पुरुषाकडे एक्स आणि वाय, पतंगांत उलटं: नराकडे झेड-झेड, मादीकडे झेड-डब्ल्यू. नराकडे असलेलं प्रत्येक गुणसूत्र मादीकडे असतं आणि शिवाय डब्ल्यू. आणि रेशीमकिड्याचं डब्ल्यू गुणसूत्र ट्रान्सपोझॉनांनी खच्चून भरलेलं आहे.

का भरलेलं, हे इथे सांगायला हवं, कारण पुढचा सगळा निकाल त्यावर उभा आहे. रेशीमकिड्याच्या मादीत गुणसूत्रांची आपसात देवघेव होतच नाही, कुठल्याच जोडीत. बाकीची गुणसूत्रं निदान नरात गेल्यावर तुकडे अदलाबदल करतात. डब्ल्यू नरात कधीच जात नाही. आईकडून मुलीकडे, मुलीकडून नातीकडे, अखंड. एकदा त्यावर तुकडा बसला की दुसऱ्या स्वच्छ प्रतीशी अदलाबदल करून तो झटकता येत नाही. त्यावर आणखी एक बसतो, त्याच्या पोटात तिसरा. सुरुवातीला जिथे डब्ल्यूचे तुकडे वाचले गेले तिथे अर्धवट, एकमेकांत घुसलेले रेट्रोट्रान्सपोझॉनच, म्हणजे स्वतःची प्रत काढून पसरणारे ट्रान्सपोझॉन, हाताला लागत होते. पिल्लू मादी व्हावं हे ठरवणारा संदेश याच गुणसूत्रावरून निघणाऱ्या एका अगदी छोट्या आरएनएमध्ये असतो, हे जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. गंमत म्हणजे त्या आरएनएचा प्रकारही तोच, ज्याचं एरवीचं काम ट्रान्सपोझॉनना दाबून ठेवणं हे असतं.

आता नमुने कुठून आले ते पाहू. प्रत्येक पायासोबत पतंगाचा फोटो काढायचा नियम मॅडमनी घालून दिला होता, आणि प्रकरण सुटलं ते त्या नियमामुळे. टसर नराच्या मिशा पिसासारख्या रुंद, मादीच्या अरुंद. नर बहुधा तपकिरी, मादी पिवळट किंवा राखाडी आणि अंगाने जड. मुंबईचे फोटो एकामागून एक उघडले तर सगळ्या मिशा रुंद. दिव्यावर येतात ते बहुतेक नरच. अंड्यांनी जड झालेली मादी ऐनावर बसून गंध सोडत राहते, नर रात्रभर भिरभिरतात आणि वाटेत येऊरच्या एखाद्या बंगल्याच्या दिव्यापाशी अडकतात. चादर आणि दिवा लावून केलेलं सर्वेक्षण बघता बघता नरांचं सर्वेक्षण होऊन बसतं.

आरमोरीचे फोटो नव्हते. ते पाय पतंगापासून वेगळे होऊनच कुपीतून आले होते. विद्यार्थिनीने तिथल्या अंडीपुंज केंद्रात फोन लावला. पलीकडच्या काकांनी जे सांगितलं त्यात सगळं आलं.

“नर काहाले ठेवाचे, ताई? तपासणी त मादीचीच राहते.”

रोगमुक्त अंडीपुंज बनवायची रीत पाश्चरने १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये तुतीच्या रेशीमकिड्यासाठी घालून दिली, आणि टसरसाठी आजही तीच आहे. पेब्रिन हा रोग आईकडून अंड्यात उतरतो. म्हणून मादीने अंडी घातली की तिला खलात कुटून तो रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी नष्ट करायची. नर जोडी सुटल्यावर बाजूला पडतात. त्या काकांनी भलेपणाने, कुटण्याआधी प्रत्येक मादीचा एक पाय कापून स्पिरिटमध्ये टाकला होता. मागितलं होतं नेमकं तेच त्यांनी दिलं. नर की मादी हे विचारलंच नव्हतं कुणी.

म्हणजे जेलच्या डाव्या बाजूला सगळे नर आणि उजव्या बाजूला सगळ्या माद्या. मधली रेघ भूगोलाची आहे की लिंगाची, हे त्या जेलवरून सांगणं अशक्य होतं. दोन्ही गोष्टी एकाच रेघेवर येऊन बसल्या होत्या.

सोडवायची वाट सोपी होती. आरमोरीहून एकाच मादीच्या अंड्यांतून वाढलेल्या भावंडांचे कोष मागवले. पतंग बाहेर आले, भाऊ एकीकडे, बहिणी दुसरीकडे, आणि त्याच प्रायमरने पुन्हा जेल. पाचपैकी चार बँड बहिणींत होते आणि भावांत नव्हते. एकच आई, एकच बाप, एकच गाव. तेव्हा हे चार बँड मादीचे, आरमोरीचे असल्याचा पुरावा त्यात काहीच नाही. नमुने थोडे होते, म्हणून प्रबंधात ‘डब्ल्यूवर असण्याची दाट शक्यता’ एवढंच लिहावं असं ठरलं, आणि ते बरोबरच होतं. रेशीम-पतंगांच्या नात्यागोत्यात डब्ल्यूची कहाणी सगळीकडे सारखी नाही. एरी या दुसऱ्या रेशीम-पतंगाच्या मादीला तर डब्ल्यू नसतंच, तिच्याकडे नुसतं एक झेड. बॉम्बिक्सचं पुस्तक उघडून टसरची उत्तरं लिहू नयेत.

इथे मॅडमचं आणि माझं थोडं वाजलं. त्यांचं म्हणणं, चारही बँड विश्लेषणातून काढून टाका. माझं म्हणणं, काढा, पण फेकू नका. डब्ल्यू आईकडूनच जातं, मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली स्वतःचा डीएनए असलेली ऊर्जाकेंद्रं, तीही आईकडूनच. दोघं जोडीने प्रवास करतात. मुंबईच्या माद्या मिळाल्या आणि त्यांच्यात यातले दोनच बँड निघाले, किंवा भलतेच निघाले, तर तो मातृवंशाच्या भूगोलाचा फार स्वच्छ पुरावा होईल, कारण अदलाबदलीने तो कधी पुसला जात नाही. माद्यांची तुलना माद्यांशी झाली पाहिजे, एवढीच अट. मॅडमनी ते पुढच्या कामाच्या परिच्छेदात घालायला मान्यता दिली. मला तो प्रबंधातला सगळ्यात कामाचा परिच्छेद वाटतो, पण परीक्षक तो वाचतील याची खात्री नाही.

राहिला पाचवा बँड. तो भावंडांत मिश्र आला, काही भावांत होता, काही बहिणींत नव्हता. म्हणजे तो डब्ल्यूवरचा नाही. त्याच्यासाठी विद्यार्थिनीने जागेच्या दोन्ही बाजूंना प्रायमर बसवले. जागा रिकामी असेल तर आखूड तुकडा, भरलेली असेल तर सुमारे १,३०० अक्षरांनी लांब, आणि एका गुणसूत्रावर भरलेली, दुसऱ्यावर रिकामी असेल तर दोन्ही. अ‍ॅडाप्टरच्या जेलपेक्षा ही पद्धत सरस, कारण इथे ‘नाही’ हेसुद्धा एका बँडने दिसतं. बँड न आल्यावर तो नव्हता की पीसीआर फसली, हा घोळ उरत नाही. या जागेवर मुंबईच्या नरांत सगळीकडे रिकामी जागा आली, आरमोरीत तिन्ही प्रकार आले. हा फरक प्रमाणातला आहे, खऱ्या फरकासारखा दिसतो.

पण आरमोरीचे पतंग आरमोरीचे होते का? टसर उद्योगात डाबा वाणाचं बियाणं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातं, कारण त्याचं पीक भरवशाचं. केंद्रातले कोष स्थानिक भंडाराचे की बाहेरून आलेल्या डाबाचे की दोघांच्या मिसळणीचे, याची नोंद त्या नमुन्यांसोबत नव्हती. बाहेरचं बियाणं असेल तर ‘पूर्व महाराष्ट्र’ हा शब्दच गळून पडतो. शिवाय केंद्रात पिढ्यान्‌पिढ्या निवड झालेली असते, आणि निवडीने एखादा ट्रान्सपोझॉन वर येऊ शकतो. तुतीच्या पाळीव किड्यात एक्डायसोन ऑक्सिडेज या जनुकाच्या नियंत्रक भागात बसलेला एक तुकडा असाच पाळीवपणाच्या निवडीत वर आला, असं २०१४ मध्ये दाखवलं गेलं. इंग्लंडमधल्या काळ्या पेपर्ड पतंगाचा काळेपणाही शेवटी सुमारे २२,००० अक्षरांच्या एका घुसलेल्या तुकड्यातच निघाला, २०१६ मध्ये. असे तुकडे नुसत्या निरुपद्रवी खुणा म्हणून बसून राहतात असं धरून चालत नाही. मुंबईचा पतंग रानटी आणि आरमोरीचा अर्धा पाळीव, तर पाचव्या बँडमधला फरक अंतराचा की पाळण्याचा?

प्रबंधाचं शीर्षक बदललं. ‘भौगोलिक विविधता’ गेलं, त्या जागी ‘मॅरिनर जागांचा लिंगनिहाय आणि स्थाननिहाय आढावा’ आलं. विद्यार्थिनी दोन दिवस नाराज होती. आधीचं शीर्षक बायोडेटावर जास्त शोभलं असतं हे खरंच, त्याबद्दल तिला दोष देता येत नाही. निकालाच्या प्रकरणात पहिली जेल आहे तशीच ठेवली आणि तिच्याखाली प्रत्येक रांगेपुढे नर किंवा मादी असं लिहिलं. पूर्वी तिथे फक्त गावाचं नाव होतं.

मुंबईच्या माद्या कशा मिळवायच्या, हा प्रश्न अजून आहे. पतंग जाळ्यात धरून माद्या शोधायच्या तर एका हंगामात मोजक्याच सापडतील. जिवंत कोष गोळा करायला उद्यानाची परवानगी मिळणं अवघड, आणि ती मागूही नये असं माझं मत. पण ऐनाची पानं झडली की फांद्यांवर जुने, रिकामे कोष उघडे पडतात. पतंग निघून गेलेला असतो, आत प्युपाची, म्हणजे अळी आणि पतंग यांच्या मधल्या अवस्थेची, टाकलेली साल असते. त्या सालीतून थोडाफार डीएनए निघतो. आणि साल धड असेल तर लिंगही कळतं: मादीच्या पोटाच्या आठव्या खंडावर उभी रेघ, नराच्या नवव्यावर बारीक ठिपका. दिवा नको, पतंगाला हात लावायला नको, आणि नर-माद्या जितक्या असतील तितक्या मिळतील. उद्यानातून रिकामा कोष उचलायलाही परवानगी लागतेच, तसा अर्ज विभागाने केला आहे. आरमोरीच्या काकांनाही निरोप गेला आहे, या वेळी केंद्रातले कोष नकोत, जंगलात आपोआप लागलेले हवेत, आणि सालीसकट.